प्राणिप्रयोगांवरील देखरेख : नियम आहेत, प्रशिक्षित मनुष्यबळाचे काय?

औषधे आणि लशी यांच्या चाचण्यांसाठी प्राण्यांचा वापर कमी करण्याच्या दिशेने गेल्या काही वर्षांत जगभर महत्त्वाची पावले पडली आहेत. अमेरिकेत डिसेंबर २०२२ मध्ये संमत झालेल्या कायद्याने, मानवी चाचणीपूर्वी नवे औषध प्राण्यांवर तपासलेच पाहिजे, ही सक्ती दूर केली. भारतातही मार्च २०२३ मध्ये नवीन औषधे आणि वैद्यकीय चाचण्यांविषयीच्या नियमांत दुरुस्ती करून, मानवी पेशींवर आधारित चाचण्या आणि संगणकीय प्रतिरूपे यांसारख्या पर्यायी पद्धतींना वाट मोकळी करून देण्यात आली. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने प्रतिपिंडांवर आधारित काही औषधांसाठी प्राणिचाचण्यांची अट टप्प्याटप्प्याने कमी करण्याचा आराखडा जाहीर केला. या निर्णयांची चर्चा झाली आणि ती होणे स्वाभाविकही होते.

मात्र पर्यायी पद्धती पूर्णपणे रुजेपर्यंत प्राण्यांवरील प्रयोग सुरूच राहणार आहेत. ते कायद्याच्या चौकटीत आणि प्राण्याला कमीत कमी वेदना देऊन होतात किंवा नाही, हे प्रत्यक्षात कोण पाहते, या प्रश्नाकडे तुलनेने कमी लक्ष गेले आहे. प्रत्येक नोंदणीकृत संस्थेत त्यासाठी एक समिती असते. समितीचे कामकाज सांभाळणारी, अर्ज तपासणारी, नोंदी ठेवणारी आणि त्रुटी वेळेवर निदर्शनास आणणारी एखादी व्यक्तीही असते. या व्यक्तीचे व्यावसायिक प्रशिक्षण हा संपूर्ण व्यवस्थेतील सर्वांत दुर्लक्षित दुवा ठरला आहे.

कायद्याची चौकट

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा भारतात १९६० मध्ये अस्तित्वात आला. राज्यसभेच्या तत्कालीन सदस्या आणि विख्यात नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी मांडलेल्या खासगी विधेयकाने या कायद्याला चालना दिली होती. नवे ज्ञान मिळवणे, प्राण वाचवणे, वेदना कमी करणे आणि रोगांशी मुकाबला करणे या हेतूंसाठी होणारे प्रयोग या कायद्याने बेकायदा ठरवलेले नाहीत. त्याच वेळी अशा प्रयोगांवर नियंत्रण आणि देखरेख ठेवण्यासाठी एक केंद्रीय समिती नेमण्याची तरतूदही त्यात करण्यात आली. १९६४ मध्ये ही समिती स्थापन झाली. दीर्घकाळ इंग्रजी आद्याक्षरांनुसार ‘सीपीसीएसईए’ या नावाने ती ओळखली जात असे. अलीकडच्या काळात तिचे नाव ‘सीसीएसईए’ असे करण्यात आले असून, तिचे कामकाज केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन आणि दुग्धव्यवसाय विभागाच्या अखत्यारीत चालते.

कायद्याच्या सतराव्या कलमात या समितीची कर्तव्ये सांगितली आहेत. साठहून अधिक वर्षांपूर्वीचा हा मजकूर आजही वाचण्याजोगा आहे. संस्थेत होणाऱ्या प्रयोगांची जबाबदारी संस्थेच्या प्रमुखावर असावी; प्रयोग काळजीपूर्वक आणि माणुसकीने व्हावेत; शस्त्रक्रियेच्या वेळी शक्यतो पुरेशी भूल दिली जावी; पुस्तके, प्रतिकृती अथवा चित्रफिती यांनी काम भागत असेल तर प्रयोग टाळावेत; लहान प्राण्यांवर भागत असेल तर मोठे प्राणी वापरू नयेत; केवळ हाताला सवय व्हावी म्हणून प्रयोग करू नयेत; प्रयोगापूर्वी आणि प्रयोगानंतर प्राण्यांची नीट देखभाल व्हावी आणि योग्य नोंदी ठेवल्या जाव्यात, असे हे कलम सांगते.

या तत्त्वांना कार्यपद्धतीचे रूप मिळाले ते १९९८ च्या नियमांनी. प्रयोगांसाठी प्राण्यांची पैदास आणि त्यांच्यावरील प्रयोग यांचे नियमन करणाऱ्या या नियमांत २००१ आणि २००६ मध्ये दुरुस्त्या करण्यात आल्या. त्यानुसार प्राण्यांवर प्रयोग करणाऱ्या संस्थेला नोंदणी करावी लागते आणि संस्थात्मक प्राणी नैतिकता समिती स्थापन करावी लागते. या समितीत एक जीवशास्त्रज्ञ, भिन्न शाखांतील दोन शास्त्रज्ञ, प्राण्यांच्या देखभालीशी संबंधित पशुवैद्यक, प्राणिगृहाचे प्रभारी शास्त्रज्ञ, संस्थेबाहेरील एक शास्त्रज्ञ, शास्त्रज्ञ नसलेला पण सामाजिक भान असलेला एक सदस्य आणि केंद्रीय समितीने नामनिर्देशित केलेला प्रतिनिधी यांचा समावेश असतो. उंदीर, गिनीपिग यांसारख्या लहान प्राण्यांवरील प्रयोगांना ही समिती स्वतः मान्यता देऊ शकते. कुत्रा, माकड यांसारख्या मोठ्या प्राण्यांबाबतचे प्रस्ताव मात्र केंद्रीय समितीकडे पाठवावे लागतात.

एका अर्जाचा प्रवास

कागदावर ही रचना भक्कम आहे. तिची खरी कसोटी प्रत्येक अर्जाच्या छाननीच्या वेळी लागते. सांधेदुखीवरील एका नव्या औषधाची परिणामकारकता तपासण्यासाठी साठ उंदरांवर प्रयोग करण्याचा प्रस्ताव समितीपुढे आला, असे गृहीत धरू. साठच का, चाळीस का नाहीत, हा पहिला प्रश्न असतो. संख्या गरजेपेक्षा जास्त असेल तर प्राण्यांना विनाकारण यातना होतात. ती फार कमी असेल तर निष्कर्ष विश्वासार्ह ठरत नाही आणि वापरलेले सर्व प्राणी वाया जातात. म्हणजेच संख्याशास्त्राची जाण हा येथे नैतिकतेचाच भाग होतो.

पुढचा प्रश्न वेदनेचा आहे. या प्रयोगात उंदराच्या सांध्यात मुद्दाम दाह निर्माण केला जातो. वेदनाशामक दिले तर औषधाचा परिणाम मोजणे कठीण होते, असे संशोधकाचे म्हणणे असू शकते. ते खरे आहे की सोयीचे आहे, हे कोणी ठरवायचे? प्राण्याचे वजन किती घटल्यावर, चालणे किती मंदावल्यावर प्रयोग थांबवायचा, ही मर्यादा आधीच लिहून ठेवली आहे काय? ती ओलांडली गेली हे सुट्टीच्या दिवशी कोण पाहणार? प्रयोग संपल्यावर प्राण्यांचे काय होणार? जीवन संपवणे आवश्यक असेल तर कोणती पद्धत वापरली जाणार आणि ती वापरणाऱ्याला ती नीट येते काय?

मान्यता मिळाल्यानंतरही काम संपत नाही. संशोधक मध्येच औषधाची मात्रा बदलतो, नवा विद्यार्थी प्रयोगात सहभागी होतो, अपेक्षेपेक्षा जास्त प्राणी दगावतात. यांपैकी कोणत्या बदलासाठी नव्याने मान्यता घ्यावी लागते आणि कोणत्या बदलाची केवळ नोंद पुरते, याचा निर्णय तत्काळ करावा लागतो. खरेदी केलेल्या, वापरलेल्या आणि उरलेल्या प्राण्यांचा हिशेब जुळावा लागतो. केंद्रीय समितीच्या प्रतिनिधीच्या अनुपस्थितीत झालेली बैठक वैध धरली जात नाही, हे लक्षात ठेवून तारखा ठरवाव्या लागतात.

ही सर्व कामे आपल्याकडे बहुतेक ठिकाणी एखाद्या प्राध्यापकाकडे किंवा शास्त्रज्ञाकडे अतिरिक्त जबाबदारी म्हणून सोपवलेली असतात. अध्यापन, स्वतःचे संशोधन आणि परीक्षा सांभाळून तो ती पार पाडतो. कामाची पद्धत आधीच्या सचिवाने ठेवलेल्या फायलींवरून शिकायची, अशी प्रथा आहे. त्यामुळे आधीच्या चुकाही वारशाने पुढे येतात.

भारतातील प्रशिक्षणाची स्थिती

प्रयोगशाळेतील प्राण्यांविषयीच्या प्रशिक्षणाची परंपरा भारताला नवी नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या प्रयोगशालेय प्राणी माहिती सेवेचा प्रारंभ १९५७ मध्ये मुंबईत झाला. १९७६ मध्ये ती हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत हलवण्यात आली आणि पुढे तिचे रूपांतर राष्ट्रीय प्रयोगशालेय प्राणिविज्ञान केंद्रात झाले. या केंद्राने देशभरातील प्राणिगृहांसाठी तंत्रज्ञ आणि पर्यवेक्षक घडवले आहेत. डिसेंबर २०२२ मध्ये हैदराबादजवळच्या जीनोम व्हॅलीत जैववैद्यकीय संशोधनासाठी राष्ट्रीय प्राणी सुविधा केंद्राचे उद्घाटन झाले. सुमारे १०० एकर परिसरातील या केंद्राच्या उद्दिष्टांतही प्रशिक्षणाचा समावेश आहे. केंद्रीय समितीच्या प्रतिनिधींसाठीही वेळोवेळी वर्ग घेतले जातात.

या उपक्रमांचा भर प्रामुख्याने प्राणी हाताळणाऱ्यांवर किंवा प्रतिनिधींवर राहिला आहे. नियमांतही प्रयोग करणाऱ्या अथवा त्यावर देखरेख ठेवणाऱ्या व्यक्तीच्या शैक्षणिक पात्रतेचा विचार केलेला आहे. संस्थेतील अनुपालनाचा दैनंदिन भार वाहणाऱ्या समन्वयकासाठी मात्र स्वतंत्र पद, ठरावीक अभ्यासक्रम आणि सर्वमान्य परीक्षा अशी साखळी आपल्याकडे उभी राहिलेली नाही. मोठ्या औषध कंपन्या आणि राष्ट्रीय प्रयोगशाळा ही उणीव स्वतःच्या बळावर भरून काढतात. जिल्ह्याच्या ठिकाणच्या औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयाला ते जमत नाही.

इतर देशांचा अनुभव

अमेरिकेत प्रयोगशाळेतील प्राण्यांच्या कल्याणाचा कायदा १९६६ मध्ये झाला. मेरीलँडमधील सिल्व्हर स्प्रिंग येथील एका प्रयोगशाळेतील माकडांची दुरवस्था १९८१ मध्ये उघडकीस आल्यानंतर जनमत प्रक्षुब्ध झाले. त्यानंतर १९८५ मध्ये झालेल्या सुधारणांनी संस्थेच्या पातळीवरील देखरेख समिती आणि कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण या दोन्ही गोष्टी बंधनकारक ठरल्या. या समित्यांना दर सहा महिन्यांनी प्राणिगृहाची पाहणी करावी लागते. कामाचा व्याप वाढत गेला, तसा समितीचा प्रशासक हा तेथे स्वतंत्र व्यवसाय बनला. २००० च्या दशकाच्या उत्तरार्धात बोस्टन येथील ‘प्रिमर’ या संस्थेने या प्रशासकांसाठी परीक्षेवर आधारित प्रमाणपत्र सुरू केले. कायद्याची माहिती, अर्जांची छाननी, मान्यतेनंतरची देखरेख आणि तक्रारींची चौकशी ही कौशल्ये आता तेथे मोजता येण्याजोगी मानली जातात.

युरोपीय संघाच्या २०१० च्या निर्देशाने आणखी पुढचे पाऊल टाकले. प्रयोग करणे, प्रयोगाची आखणी करणे, प्राण्यांची देखभाल करणे आणि त्यांचे जीवन संपवणे या चार कामांसाठी स्वतंत्र पात्रता आवश्यक ठरवण्यात आली. कर्मचारी सुशिक्षित, सक्षम आणि सतत प्रशिक्षित राहतील, याची जबाबदारी असलेली व्यक्ती प्रत्येक संस्थेत असावी, असेही बंधन घालण्यात आले. पुढे तयार झालेल्या प्रशिक्षणाच्या आराखड्यात प्रकल्पांचे मूल्यमापन करणाऱ्यांसाठीही वेगळा घटक ठेवण्यात आला. ब्रिटनमध्ये १८७६ इतक्या जुन्या काळापासून प्राणिप्रयोगांचा कायदा आहे आणि आज तेथे प्रशिक्षण व सक्षमता यांसाठी नामनिर्देशित अधिकारी असतो.

असे असूनही चुका टळत नाहीत, हेही नमूद केले पाहिजे. लंडनच्या इम्पीरिअल कॉलेजमधील प्राणिप्रयोगांविषयी आक्षेप घेतले गेल्यानंतर प्राध्यापक स्टीव्ह ब्राऊन यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र समिती नेमण्यात आली. डिसेंबर २०१३ मध्ये तिने अहवाल सादर केला. नेतृत्व, व्यवस्थापन, प्रशिक्षण, पर्यवेक्षण आणि नैतिक परीक्षण या साऱ्याच बाबतींत सुधारणेची गरज असल्याचे सांगून समितीने ३३ शिफारशी केल्या. जगातील अग्रगण्य संस्थांमध्ये गणल्या जाणाऱ्या या संस्थेला तज्ज्ञांची वा पैशाची वाण नव्हती. उणीव होती ती रोजच्या व्यवस्थेची.

अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात बीगल जातीच्या कुत्र्यांची प्रयोगांसाठी पैदास करणाऱ्या ‘एन्व्हिगो’ कंपनीचे प्रकरण याहून गंभीर होते. २०२२ मध्ये या केंद्रातून सुमारे चार हजार कुत्री बाहेर काढून नव्या घरांत पाठवण्यात आली. पुरेसा पशुवैद्यकीय उपचार, पुरेसे कर्मचारी आणि सुरक्षित निवारा न पुरवल्याच्या प्रकरणात कंपनीने जून २०२४ मध्ये गुन्हा कबूल केला आणि साडेतीन कोटी डॉलरहून अधिक रक्कम भरण्याचे मान्य केले. हे पैदास केंद्र होते, संशोधन संस्था नव्हे. तरीही अनुपालनाकडे पाठ फिरवल्याची किंमत किती मोठी असू शकते, हे त्यातून स्पष्ट झाले.

दंडापेक्षा मोठी हानी

भारतात परिस्थिती वेगळी आहे. केंद्रीय समितीचा मनाई आदेश मोडणाऱ्यास अथवा तिने घातलेल्या अटींचा भंग करणाऱ्यास १९६० च्या कायद्यात कमाल २०० रुपये दंडाची तरतूद आहे. त्या काळी ही रक्कम अगदी क्षुल्लक नव्हती; आज ती नाममात्र आहे. त्यामुळे प्रशिक्षणावर खर्च करण्यास संस्थांना दंडाचे भय प्रवृत्त करील, अशी अपेक्षा करता येत नाही. नोंदणी रद्द होण्याची आणि प्रयोग थांबवले जाण्याची शक्यता हाच काय तो धाक उरतो.

खरी हानी मात्र अन्यत्र होते. प्रयोगशाळांच्या उत्तम कार्यपद्धतीच्या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेत भारताला २०११ मध्ये पूर्ण सहभागी देशाचा दर्जा मिळाला. या व्यवस्थेखाली प्रमाणित झालेल्या भारतीय प्रयोगशाळांतील सुरक्षितता चाचण्यांची माहिती सहभागी देशांत स्वीकारली जाते. हैदराबाद, अहमदाबाद, बंगळूरु, पुणे येथील कंत्राटी संशोधन उद्योगाचा पाया याच विश्वासावर उभा आहे. कोणत्या कर्मचाऱ्याला कोणते प्रशिक्षण केव्हा मिळाले, याच्या नोंदी तपासणीत पाहिल्या जातात. शोधनिबंध प्रसिद्ध करणारी नियतकालिकेही नैतिकता समितीच्या मान्यतेचा तपशील मागतात. छाननीत राहून गेलेली एक त्रुटी एखाद्या विद्यार्थ्याची काही वर्षांची मेहनत निष्फळ करू शकते.

करोना महासाथीच्या काळातील एक उदाहरण येथे उद्बोधक ठरेल. स्वदेशी कोव्हॅक्सिन लशीची २०२० मध्ये २० ऱ्हीसस माकडांवर चाचणी घेण्यात आली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने हे काम केले. टाळेबंदीच्या दिवसांत माकडे मिळवण्यासाठी वनविभागाच्या सहकार्याने नागपूर परिसरात शोध घ्यावा लागला होता. प्रत्येक दिवस मोलाचा असताना परवानग्या, पशुवैद्यकीय तपासणी आणि जैवसुरक्षा यांची सांगड घालावी लागली. आणीबाणीच्या प्रसंगी नियम डावलण्याचा मोह सर्वाधिक असतो. नियम पाळूनही काम वेगाने पुढे नेता येते, ते प्रक्रिया तोंडपाठ असलेली माणसे हाताशी असतील तरच.

आक्षेप आणि मर्यादा

सक्तीच्या प्रशिक्षणाला असलेले आक्षेप दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. पहिला आक्षेप खर्चाचा आहे. वर्षाकाठी मोजकेच प्रयोग करणाऱ्या महाविद्यालयाने पूर्णवेळ समन्वयक नेमावा, ही अपेक्षा व्यवहार्य नाही. दुसरा आक्षेप औपचारिकतेचा आहे. दोन दिवसांची कार्यशाळा, सहभागाचे प्रमाणपत्र आणि समूह छायाचित्र एवढ्यावर प्रशिक्षण संपले तर कागदपत्रांत आणखी एका कागदाची भर पडेल, प्राण्याच्या वाट्याला येणाऱ्या वेदनेत फरक पडणार नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत मूलभूत आहे. समितीचा सचिव हा त्याच संस्थेचा कर्मचारी असतो. ज्या ज्येष्ठ प्राध्यापकाच्या प्रस्तावावर प्रश्न विचारायचा, त्याच्याच शिफारशीवर सचिवाची बढती अवलंबून असू शकते. नियम कितीही तोंडपाठ असले तरी ‘हा प्रयोग थांबवावा लागेल’ असे म्हणण्याचे बळ अभ्यासक्रमातून येत नाही. कायद्याने जबाबदारी संस्थेच्या प्रमुखावर टाकली आहे, ती याचसाठी. प्रमुख पाठीशी उभा राहिला तरच प्रशिक्षित सचिवाचा उपयोग होतो. म्हणून समन्वयकाचे प्रशिक्षण आणि संस्थाप्रमुखाचे प्रबोधन यांचा विचार एकत्रितपणेच करावा लागेल.

काय करता येईल?

खर्चाच्या अडचणीवर मार्ग आहे. एकाच विद्यापीठाच्या क्षेत्रातील लहान महाविद्यालये मिळून एक प्रशिक्षित समन्वयक नेमू शकतात. तो एका संस्थेचा कनिष्ठ नोकर नसल्याने त्याच्या स्वातंत्र्यालाही काही प्रमाणात संरक्षण मिळेल. अभ्यासक्रम केंद्रीय समितीने ठरवावा, अध्यापन विद्यापीठे आणि पशुवैद्यकीय महाविद्यालयांनी करावे आणि परीक्षा एकाच स्वरूपाची असावी. त्यात नियमांच्या पाठांतरापेक्षा प्रत्यक्ष अर्जांच्या छाननीला, प्राणिगृहाच्या पाहणीला आणि घडून गेलेल्या चुकांच्या अभ्यासाला अधिक वाव असावा. ठरावीक काळाने उजळणी बंधनकारक असावी, कारण पर्यायी पद्धतींचे क्षेत्र झपाट्याने बदलत आहे. मानवी पेशींपासून बनवलेले सूक्ष्म अवयव एखाद्या प्रयोगासाठी पुरेसे आहेत किंवा नाहीत, हा प्रश्न समितीने विचारायचा असेल, तर ते तंत्र काय आहे हे समितीला ठाऊक असले पाहिजे.

भाषेचा मुद्दाही महत्त्वाचा आहे. पिंजरे स्वच्छ करणारा, खाद्य-पाणी देणारा परिचर हाच प्राण्याला दररोज पाहतो. एखादा उंदीर कोपऱ्यात अंग चोरून बसला आहे, खात नाही, त्याचे केस पिंजारले आहेत, हे प्रथम त्याच्या लक्षात येते. त्याच्यासाठीच्या सूचना मराठी, तेलुगू, गुजराती, कन्नड अशा त्याच्या भाषेत असतील आणि आपले निरीक्षण कोणाला सांगायचे हे त्याला माहीत असेल, तर समितीच्या बैठकीपर्यंत थांबावे लागणार नाही. ही साखळी जोडून देणे हे समन्वयकाचेच काम आहे.

रसेल आणि बर्च या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये प्राण्यांऐवजी पर्याय शोधणे, संख्या कमी करणे आणि पद्धती सुधारणे ही त्रिसूत्री मांडली. भारताने तिला पुनर्वसनाची चौथी जोड दिली आणि प्रयोगानंतरच्या देखभालीचा खर्च हा संशोधनाच्या खर्चाचाच भाग मानला. विचारांच्या पातळीवर आपण मागे नाही. २०१४ मध्ये सौंदर्यप्रसाधनांच्या प्राणिचाचण्यांवर बंदी घालून देशाने धोरणात्मक धैर्यही दाखवले आहे. आता गरज आहे ती हे धोरण प्रयोगशाळेच्या दारापर्यंत नेणाऱ्या माणसांची. प्रयोगासाठी वापरला जाणारा प्राणी संमती देऊ शकत नाही आणि तक्रारही करू शकत नाही. त्याच्या वतीने अर्ज वाचणाऱ्या व्यक्तीला ते काम नीट येत असावे, ही किमान अपेक्षा आहे. ती पूर्ण करण्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही.